जुनें लांकूड, नवी वीज

सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यांतील जुनें घर म्हणजे माळवदाचें घर. दगडमातीच्या रुंद भिंती, खणाखणांनीं उभे केलेले खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पातळ फळ्या, आणि त्या सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना. वैशाखांतल्या उन्हांत त्या मातीखालीं जो गारवा मिळे, त्याची सर सिमेंटच्या छताला येत नाहीं, हें ज्यांनीं तो अनुभवला आहे ते सांगतील. परंतु हीं घरें आतां एकामागून एक उतरत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि मातींत रचलेल्या जड भिंती व त्यांवरील माळवदाचा भार हेंच त्यांतील पुष्कळांच्या मरणाचें कारण ठरलें. तेव्हांपासून माळवदाखालीं अनेकांस निर्धास्त झोंप लागेनाशी झाली. पुढें वांटण्या झाल्या, मुलें पुण्यामुंबईस गेलीं, माळवदाची डागडुजी जाणणारे कारागीर विरळ झाले. आणि सोलापुरांतील कसब्यांत व पेठांत एकेक वाडा उतरून तेथें सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या.

वाडा उतरला तरी त्याचें लांकूड उरतें. माती वाहून नेली जाते, दगड नव्या पायांत भरले जातात. पण आजोबा-पणजोबांनीं निवडून आणलेली सागाची तुळई जळणाच्या भावानें देतांना हात थबकतो. ज्या खांबाला टेकून घरांतील वडील माणसें पोथी वाचीत, ज्या कडीला पाळणे टांगले गेले, ज्या दारावरून लेकी सासरीं गेल्या व सुना आंत आल्या, तें लांकूड म्हणजे केवळ माल नव्हे. म्हणून अलीकडे एक नवी रीत पडूं लागली आहे. भावांभावांत जागेची वांटणी होते तेव्हां लांकडाचीहि होते, आणि जुळे सोलापुरांत किंवा होटगी रस्त्यावर नवें घर बांधणारा भाऊ आपल्या वांट्याच्या तुळया चिरून त्यांच्या फळ्या बैठकीच्या एका भिंतीवर लावतो. नव्या घरांत एक भिंत पूर्वजांची राहते. ही रीत आम्हांस मनापासून आवडते.

परंतु त्याच भिंतीवर दिव्यांचीं बटणें हवीं असतात, दूरदर्शन-संचासाठीं सॉकेट हवें असतें, वातानुकूलन यंत्राची जोडणी हवी असते. लांकडाचा विचार सुतार करतो, विजेचा विचार वायरमन करतो. पण लांकूड आणि वीज जेथें एकमेकांस भेटतात, त्या जागेचा विचार कोण करतो? पुष्कळ घरांत कोणीच करीत नाहीं, असें आम्हीं जें पाहिलें त्यावरून म्हणावें लागतें. ती जागा जेमतेम दीड इंचाची असते. तें दीड इंच हाच या लेखाचा विषय होय.

लांकडाच्या पोटांत अग्नि सुप्त असतो, ही आपल्याकडील फार जुनी भावना. शमीवर उगवलेल्या अश्वत्थाचें काष्ठ आणून त्याची अरणी करावी, मंथन करावें, आणि त्यांतून यज्ञाचा अग्नि प्रकट करावा, असा श्रौतकर्मांतील विधि आहे. त्यांतील मर्म अगदीं साधें आहे. कोरड्या लांकडाच्या लहानशा जागीं उष्णता सांठत गेली कीं अग्नि प्रकट होतोच. अरणीमंथनांत ही उष्णता घर्षणानें येते. विजेच्या सॉकेटांत ती सैल राहिलेल्या स्क्रूपाशीं येते. आणि ज्या गांवांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तेथें पिढ्यान्‌पिढ्या वाळलेला साग किती कोरडा असेल, हें सोलापूरकरांस निराळें सांगावयास नको.

यावर घरांतील वडीलधारे म्हणतील, "आमच्या लहानपणीं सगळें लांकडावरच तर होतें!" तें खरें आहे. त्या काळीं भिंतीवर सागाच्या पट्ट्या ठोकून त्यांवरून तारा पत्र्याच्या क्लिपांनीं नेत. कोठें दोन खोबणी असलेल्या लांकडी पट्टींत तारा घालून वरून दुसरी पट्टी झांकण म्हणून लावीत. एकेकट्या बटणाखालीं लांकडाचा वाटोळा ठोकळा असे, आणि अनेक बटणें एकत्र असलीं तर तीं सागाच्या फळीवर बसविलेलीं असत. तरीहि बहुतेक घरें सुखरूप राहिलीं. तीं कां राहिलीं, याचें उत्तर गणितांत आहे, व तें शाळकरी मुलासहि समजण्याजोगें आहे.

आपल्या घरांत २३० व्होल्टची वीज येते. ६० वॉटचा जुना दिवा तींतून सुमारें पाव अँपिअर प्रवाह घेतो. बटणाच्या पाठीमागचा एक स्क्रू सैल राहिला आणि तेथें अर्ध्या ओहमचा रोध उत्पन्न झाला, असें समजूं. अशा रोधांत निघणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. पाव अँपिअरचा वर्ग करून त्यास अर्ध्यानें गुणलें, तर उत्तर येतें सुमारें ०.०३ वॉट. एवढ्या उबेनें कांहींच होत नाहीं. आतां त्याच जागीं वातानुकूलन यंत्र लावा. दीड टनाचें यंत्र भर उन्हाळ्यांत सात-आठ अँपिअर प्रवाह घेऊं शकतें. आठाचा वर्ग ६४, त्याचें अर्धें ३२. म्हणजे त्याच सैल स्क्रूपाशीं आतां ३२ वॉट उष्णता निघते; पूर्वीच्या जवळजवळ हजारपट! रेडिओ दुरुस्त करणारा डाख देण्यासाठीं जें २५ वॉटचें हत्यार वापरतो, त्यानें कथील वितळतें. त्याहूनहि अधिक उष्णता काड्यापेटीएवढ्या जागेंत, वाळलेल्या फळीच्या आड, रात्रभर चालू राहते.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अशा प्रसंगीं यंत्राला मिळणारा दाब केवळ चार व्होल्टनें कमी होतो. २३० चे २२६ झाल्याचें कोणासहि कळत नाहीं. प्रवाह मर्यादेबाहेर वाढलेला नसतो, म्हणून एम.सी.बी. पडत नाहीं. वीज जमिनीकडे गळत नसते, म्हणून ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. देखील पडत नाहीं. हीं दोन्ही उपकरणें घरांत असलींच पाहिजेत, पहिलें तारा जळूं नयेत म्हणून आणि दुसरें माणूस दगावूं नये म्हणून. परंतु सैल स्क्रूची ऊब ओळखणें हें त्यांचें काम नव्हे. ती ऊब लांकडापर्यंत पोंचूं न देण्याचें काम बटणांमागच्या पत्र्याच्या पेटीचें आहे.

स्क्रू तापला किंवा ठिणगी उडाली तरी तें सारें पत्र्याच्या आंत राहावें, एवढ्यासाठींच ही पेटी असते. विटांच्या भिंतींत ती किंचित् आंत गेली तरी फारसें बिघडत नाहीं. वीट जळत नाहीं. समोर लांकूड आलें कीं मात्र पेटीची कड फळीच्या दर्शनी अंगाशीं अगदीं समपातळींत आली पाहिजे. आणि नेमकें येथेंच घोटाळा होतो. घर बांधतांना पेटी भिंतीच्या गिलाव्याशीं समपातळींत बसविलेली असते. मागाहून सुतार येतो, भिंतीवर पाऊण इंचाच्या पट्ट्या मारतो व त्यांवर पाऊण इंचाच्या फळ्या लावतो. पेटी जेथल्या तेथें राहते, भिंत मात्र दीड इंच पुढें येते. मग वायरमन लांब स्क्रू आणतो, बटणांची प्लेट फळीवर आवळतो, आणि बाहेरून सारें सुबक दिसतें. आंत मात्र पेटी व प्लेट यांच्यामध्यें दीड इंचाचें लांकडी बोळकांडें तयार होतें. बटणाचे स्क्रू व तारांचीं उघडीं टोकें पत्र्याऐवजीं सागाच्या कडांनीं वेढलेलीं असतात.

आमच्या परिचयांतील एका कुटुंबांत हेंच घडलें. कसब्यांतील वाड्याचा साग थोरल्या भावाच्या नव्या घरीं लागला होता. नातवाच्या मुंजीची तारीख जवळ आलेली, पाहुणे यावयाचे, म्हणून सुतारानें व वायरमननें निरनिराळ्या दिवशीं येऊन आपापलें काम उरकलें. पुढल्या मे महिन्यांत घरांतील धाकट्या सूनबाईंना बैठकींत येतां-जातां जळक्या लांकडासारखा बारीक वास येऊं लागला. उदबत्तीचा असेल, शेजाऱ्यांच्या बंबाचा असेल, असें म्हणून इतरांनीं तिकडे दुर्लक्ष केलें. सूनबाईंनीं मात्र एके रात्रीं यंत्र चालू असतां प्लेटवर हात ठेवून पाहिला, तो चटकन् मागें घ्यावा लागला. त्यांनीं मुख्य बटण बंद केलें आणि मामंजींना उठविलें. सकाळीं प्लेट काढली तेव्हां फळीला पाडलेल्या भोंकाची एक कड बोटभर जळून तिचा कोळसा झालेला दिसला. लांकूड एकदम पेटत नाहीं. प्रथम त्यांतील उरलासुरला ओलावा जातो, मग तें तपकिरी होतें, मग काळें पडतें, आणि कोळसा झालेली कड ताज्या लांकडापेक्षां लवकर धरते. त्या खोलींत त्या रात्रीं दोन वृद्ध माणसें व तीन मुलें निजलीं होतीं.

सुतारास विचारलें, तो म्हणाला, "तारा कांहीं माझ्या नव्हेत." वायरमनास विचारलें, तो म्हणाला, "भोंक कांहीं मीं पाडलेलें नाहीं." दोघेहि खरेंच बोलत होते. मधलें दीड इंच कोणाचेंच नव्हतें.

तेव्हां अशा कामाचा पहिला नियम हत्यारांचा नसून माणसांचा आहे. सुतार, परवानाधारक वायरमन आणि घरांतील कर्तें माणूस या तिघांनीं पहिली फळी लागण्यापूर्वीं एकाच वेळीं त्या भिंतीसमोर उभें राहावें. पट्टीची जाडी किती, फळीची जाडी किती, दोन्ही मिळून भिंत किती पुढें येणार, आणि पेट्या तेवढ्याच पुढें कोण व कशा आणणार, हें तेथेंच ठरवावें. सणासमारंभाची घाई असेल तर लांकूड समारंभानंतर लावावें. पाहुणे रंग दिलेल्या भिंतीसमोरहि आनंदानें जेवतात.

दुसरी गोष्ट कागदावरील आंखणी. भिंतीचें चित्र काढून दिवाण कोठें, देवघराचा दिवा कोठें, आजींची आरामखुर्ची कोठें, हें आधीं मांडावें. दिव्यांचीं बटणें जमिनीपासून सुमारें चार फुटांवर असलीं म्हणजे मुलांचा हात पोंचतो व वृद्धांस वांकावें लागत नाहीं. सॉकेटें अगदीं जमिनीलगत घेऊं नयेत, फरशी धुतांना पाणी उडतें. लहान मुलांच्या घरांत आंतून झडप असलेलींच सॉकेटें घ्यावींत. नित्याच्या किरकोळ उपकरणांना ६ अँपिअरचें सॉकेट पुरतें. इस्त्री, हीटर, वातानुकूलन यंत्र यांना १६ अँपिअरचेंच पाहिजे. तारा तांब्याच्या, दिव्यांसाठीं १.५, मोठ्या सॉकेटांसाठीं २.५, आणि वातानुकूलन यंत्रासाठीं ४ चौरस मिलिमीटरची तार स्वतंत्र घ्यावी. सर्व तारा नळींतून न्याव्यात. फळीच्या मागें उघडा सांधा कदापि ठेवूं नये. सांधा करणें तर तो पेटींतच, जेथें प्लेट काढली कीं तो दिसेल.

आतां लांकडाकडे वळूं. जुन्या फळींत तीन शत्रू लपलेले असतात. पहिला खिळा. तुळयांत व दारांत ठोकलेले जुने खिळे डोकीं तुटून आंतच राहतात. त्यावर करवत आदळली कीं दांते जातात आणि तुकडा डोळ्यांत उडण्याचें भय असतें. म्हणून प्रत्येक फळीवरून बळकट लोहचुंबक फिरवावा. दुसरी वाळवी. फळीवर बोटाच्या पेरानें वाजवून पाहावें. पोकळ नाद आला किंवा पटाशीचें टोंक सहज आंत गेलें तर ती फळी बाजूस काढावी व उरलेल्या फळ्यांस वाळवीचें औषध द्यावें. तिसरा शत्रू जुना तैलरंग. घरगुती रंगांतील शिसें दशलक्ष भागांत ९० भागांपुरतें मर्यादित करणारा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्यापूर्वींच्या रंगांत शिसें अधिक असण्याचा संभव असतो. असा रंग कोरडा घांसूं नये. त्याची धूळ मुलांच्या बुद्धीस घातक आहे. ओला करून खरवडावा, मुलांस त्या जागेपासून दूर ठेवावें, आणि खरवड झाडून न टाकतां गोळा करून गुंडाळून टाकावी.

पेटी जेथें येणार तेथली फळी निवडून घ्यावी. ती सपाट असावी, तींत गांठ वा खिळा नसावा, आणि पेटी दोन फळ्यांच्या सांध्यावर येऊं नये. जुन्या फळ्यांची जाडी एकसारखी नसते, हें विसरूं नये. त्या विशिष्ट फळीचीच जाडी मोजून पेटी पुढें आणावी. पेटी भिंतीस वा मागच्या पट्ट्यांस पक्की जखडलेली असावी. भिंतींत आधींच बसविलेली पेटी काढणें शक्य नसेल, तर तिच्यावर तेवढ्याच उंचीची पत्र्याची जोडचौकट बसवून ती फळीच्या अंगापर्यंत आणावी. केवळ लांब स्क्रू लावणें हा उपाय नव्हे. पेटी व जोडचौकट दोन्ही अर्थिंगच्या तारेस जोडलेलीं असावींत.

भोंक पाडण्यापूर्वीं पेटीच्या मापाचा पुठ्ठा कापून तो फळीवर धरावा व गुण्यानें काटकोन पाहून रेघा आंखाव्यात. चारी कोपऱ्यांवर गिरमिटानें छिद्रें पाडून मग बारीक दांत्यांच्या करवतीनें कापावें. रेघेवर कागदी चिकटपट्टी लावली तर जुन्या सागाच्या चिपा उडत नाहींत. भोंक पेटीहून चहूं बाजूंनीं दोन मिलिमीटर मोठें ठेवावें. कारण लांकूड उन्हाळ्यांत आक्रसतें व पावसाळ्यांत फुगतें, त्याला हालचालीस जागा हवी. ती फट प्लेटखालीं झांकली जाते. प्लेटचे स्क्रू मात्र पेटीच्या कानांतच बसले पाहिजेत, फळींत नव्हेत; नाहींतर फळी हलेल तशी प्लेट ओढली जाईल. जुन्या फळीचा पृष्ठभाग ओबडधोबड असतो व त्यावर प्लेट डगमगते. तेवढ्यासाठीं संपूर्ण फळीस रंधा मारून तिचें वय पुसून टाकूं नये. प्लेटच्या मापाची जागा तेवढी पटाशीनें सपाट करावी. पण ही सपाटी जितकी खोल जाईल, तितकी पेटीहि मागें घ्यावी लागते. म्हणून ती आधीं करावी आणि पेटी नंतर पक्की करावी.

तारा जोडतांना मुख्य बटण बंद करावें, आणि टेस्टर प्रथम चालू जागीं लावून तो खरोखर पेटतो हें पाहून मगच बंद जागीं लावावा. बिघडलेला टेस्टर नेहमीं 'वीज नाहीं' असेंच सांगतो. बटण फेजच्या तारेवरच असावें. तें न्यूट्रलवर बसलें तर दिवा विझतो खरा, पण दिव्याच्या घरांत वीज तशीच राहते. सॉकेटाकडे तोंड करून पाहिलें असतां वरचें मोठें छिद्र अर्थिंगचें, उजवें फेजचें व डावें न्यूट्रलचें असावें. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर तार हलकेच ओढून पाहावी.

शेवटची परीक्षा गृहिणींनींच घ्यावी, असें आम्ही सुचवितों, कारण घरांतील बारीक वास व बारीक बदल प्रथम त्यांच्याच लक्षांत येतो. सर्वांत मोठें उपकरण तासभर चालवून प्लेटवर हाताची मागची बाजू ठेवावी. ती खोलीइतकीच थंड अथवा किंचित् कोमट असेल तर ठीक. चटका बसेल तर त्याच क्षणीं उपकरण बंद करून वायरमनास बोलवावें. नव्या कामास एक उन्हाळा व एक पावसाळा उलटला म्हणजे, वीज बंद ठेवून, सर्व प्लेटी एकदां उघडवाव्यात व स्क्रू आवळून घ्यावेत. आणि कोणी म्हणाले कीं मला जळका वास येतो, तर तो उदबत्तीचा आहे असें सिद्ध होईपर्यंत भिंतीचाच समजावा.

एवढें केल्यावर ती आंखणी फेंकून देऊं नये. कोणती तार कोठून गेली, पेटी कोणत्या फळीमागें आहे, नळी कोठें वळली, हें तींत लिहून ती घराच्या खरेदीखताबरोबर ठेवावी. साग आपल्यापेक्षां दीर्घायुषी आहे. आपल्या वांट्यास तो जसा वाड्यांतून आला, तसाच तो पुढें एखाद्या नातवाच्या वांट्यास येईल, आणि तो नातू त्या भिंतीवर करवत धरण्यापूर्वीं मागें काय आहे हें पाहूं इच्छील. त्याच्या हातीं लांकडाबरोबर तो कागदहि पडला पाहिजे.